मुठीचे लाकूड आणि वाळणारे तेल

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत मासळी कापण्याचा कोयता आणि चाकू दिवसभर खाऱ्या पाण्यात व ओल्या हातांत असतो, आणि तेथील अनुभव असा की हत्यार पात्यापेक्षा मुठीमुळे लवकर निकामी होते. पाते बोथट झाले तर धार लावता येते. मूठ मात्र आतून कुजते, कारण पात्याचा जो निमुळता भाग मुठीत ठोकलेला असतो त्याच्या कडेने पाणी आत शिरते, लोखंड गंजून फुगते आणि लाकडाला चीर पडते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्याने खाऱ्या पाण्याने भिजलेली मूठ नुसती पुसून कोरडी राहत नाही; ती आधी गोड्या पाण्याने धुवावी लागते.

पाणी आत शिरू नये म्हणून मुठीला तेल देतात, पण सर्वाधिक फसगत होते ती तेलाच्या निवडीत. घरात हाताशी असलेले खोबरेल चोळले की मूठ लगेच चकाकते, परंतु हे तेल लाकडात वाळत नाही आणि साबणाच्या दोन-चार धुण्यांत निघून जाते. जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल याहून वेगळे आहे: ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, आणि म्हणूनच त्याला ‘वाळणारे तेल’ म्हणतात. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. अन्नाला लागणाऱ्या हत्यारासाठी त्यापेक्षा घाण्याचे खाद्य जवस तेलच घ्यावे, मग वाळायला आठवडा लागला तरी चालेल.

दुसरी चूक घाईची. जाड थर वरून साय धरतो आणि आत चिकट राहतो, म्हणून काचकागदाने घासून पूर्ण सुकवलेल्या मुठीला पातळ हात द्यावा, पाऊण तासाने न मुरलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे, आणि थर वाळल्यावरच पुढचा द्यावा. मुठीच्या टोकाशी लाकडाच्या नळ्या आडव्या कापलेल्या असतात, तेथून पाणी सर्वांत वेगाने शिरते. त्या टोकाला तेल पिणे थांबेपर्यंत पाजावे. शिसवाच्या मुठीवर तेल उशिरा वाळते, कारण त्या लाकडातील काही नैसर्गिक द्रव्ये वाळण्याच्या क्रियेला अडथळा करतात.

वेळेचा विचार तर फारच थोडे जण करतात. राज्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि डागडुजीची कामे साहजिकच तेव्हा निघतात, परंतु पावसाळी हवेत फुगलेल्या लाकडात तेल नीट मुरत नाही व वाळतही नाही, त्यामुळे हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे.

तेलाने भिजलेल्या फडक्यांबाबत मात्र कोणतीही हयगय नको. वाळताना तेल उष्णता सोडते, आणि चुरगळून टाकलेल्या बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेटू शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

मुठीला आधीच खोल तडा गेला असेल, तर तेलाने तो सांधला जात नाही, आत अडकलेली मासळीची घाणही निघत नाही. अशी मूठ बदलूनच घ्यावी.