'फ्री' पेपरची खरी मालकी : प्रीप्रिंट, सोर्स फाईल आणि लायसन्स

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हटला की होस्टेलवर तीन गोष्टी हमखास फिरतात. सीनियरचा जुना रिपोर्ट, कुठून तरी आलेली पीपीटी आणि आर्काइव्हवरून उतरवलेले पेपर. पहिल्या दोन वापरताना थोडी तरी धाकधूक असते. तिसरीबद्दल मात्र सगळे बिनधास्त. "अरे, तिथं सगळं फ्री असतं!" या 'फ्री'चा अर्थ नेमका काय, ते बघू.

जर्नलच्या तपासनीसांकडून पास होण्याआधीच लेखकांनी सर्वांसाठी खुला केलेला पेपर म्हणजे प्रीप्रिंट. पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस इथे आर्काइव्ह सुरू केलं. २००१ पासून त्याचा कारभार कॉर्नेल विद्यापीठाकडे गेला. हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्या नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्यापर्यंत जा आणि पुण्याच्या दिशेला वळा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश. जून २०२३ मध्ये पल्सारच्या निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे पेपर आले, त्यात या दुर्बिणीची निरीक्षणं होती. ते पेपर आर्काइव्हवर आहेत. नगरच्या पोरालाही ते एक पैसा न देता वाचता येतात. वाचता येतात, इथवर वाद नाही.

आता कायदा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट अॅक्ट लागू आहे. त्यानुसार लेखन कागदावर किंवा फाईलमध्ये उतरलं की कॉपीराइट आपोआप तयार होतो. नोंदणी लागत नाही, गोलातला 'सी' काढावा लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. पण संरक्षण मांडणीला असतं, कल्पनेला नसतं. पेपरमधलं समीकरण किंवा पद्धत तुम्ही आपल्या शब्दांत वापरू शकता (पेटंट असेल तर ती वेगळी भानगड). त्यातली वाक्यं आणि आकृत्या उचलायच्या, तर परवानगीचा प्रश्न येतो.

ही परवानगी म्हणजेच लायसन्स. पेपर चढवताना आर्काइव्ह लेखकाला पर्याय देतं. त्यातला एक फक्त आर्काइव्हला तो पेपर कायम वाटण्याचा हक्क देतो, आणि कितीतरी लेखक हाच निवडतात. मग वाचकाला काय मिळालं? वाचणं, आणि कायद्याने मुळातच दिलेल्या सवलती. कलम ५२ खाली खाजगी वापर, संशोधन, टीका किंवा परीक्षण यासाठी रास्त प्रमाणात वापर चालतो. अभ्यासासाठी प्रिंट काढली म्हणून कोणी तुमच्या मागे लागणार नाही. पण तीच आकृती आपल्या छापील पेपरात जशीच्या तशी घालायची असेल, तर लेखकाला विचारायला हवं. दुसरे पर्याय क्रिएटिव्ह कॉमन्सचे. 'बीवाय' असेल तर श्रेय द्या, लायसन्सचा उल्लेख करा, बदल केले असतील तर सांगा आणि खुशाल वापरा. 'एसए' जोडलेलं असेल तर तुम्ही केलेला बदलही त्याच अटीवर द्यावा लागतो. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको, 'एनडी' म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका.

खरी गंमत सोर्स फाईलमध्ये आहे. पेपर लाटेकमध्ये लिहिलेला असेल तर आर्काइव्ह पीडीएफ न घेता मूळ सोर्सच मागतं, आणि ती सोर्स कोणालाही उतरवता येते. लाटेक शिकायला यासारखा मास्तर नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. मोठमोठ्या लोकांनी तक्ता कसा बसवला, ब्लॉक डायग्राम कोडने कसा काढला, सगळं उघडं दिसतं. पण उघडं दिसतं म्हणजे वाटेल तसं वापरता येतं, असं नाही. पेपरचं जे लायसन्स तेच सोबतच्या सोर्सचंही धरायचं. डायग्रामचा कोड उचलून रंग बदलले तरी ती मूळ लेखकाचीच मांडणी राहते. आणि त्याच गठ्ठ्यात जर्नलची स्टाईल फाईल असेल, तर तिचा मालक तिसराच असतो. लेखकाने पेपरला 'बीवाय' लावलं म्हणून ती फाईल 'बीवाय' होत नाही.

आपण चढवतो तेव्हा हेच उलटं होतं. टक्क्याच्या चिन्हामागे लपवलेल्या ओळी पीडीएफमध्ये दिसत नाहीत, सोर्समध्ये दिसतात. सरांचा शेरा, गाळलेला परिच्छेद, "हा आकडा परत बघ रे" असली टिपणं, सगळं जगासमोर! चढवण्याआधी ती साफ करा.

समजा, चौघांच्या ग्रुपने कॅमेऱ्याने कांद्याची प्रतवारी करण्याचा प्रोजेक्ट केला. घोडेगावच्या मार्केटमध्ये फोटो काढले, प्रोग्रॅम लिहिला, पेपर तयार झाला. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा. एखाद्याच्या चुलतभावाने काही फोटो काढून दिले असतील तर त्याची लेखी संमती घ्या. पेपरचे मालक सर्व लेखक, म्हणून लायसन्स एकट्याने रात्री दोन वाजता निवडायचं नाही. सरांच्या बाबतीत नोकरीचा करार आणि संस्थेचे नियमही बघावे लागतात. प्रोग्रॅमला क्रिएटिव्ह कॉमन्स लावू नका, ती संस्था स्वतःच तसं सुचवते. त्यासाठी एमआयटी किंवा जीपीएल आहेत. फरक बारीक आहे पण महत्त्वाचा. जीपीएलमध्ये प्रोग्रॅम वाटणाऱ्याला सोर्सही द्यावी लागते. 'बीवाय-एसए'मध्ये अशी सक्ती नाही, नुसती पीडीएफ दिली तरी अट पाळली जाते.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे हे लायसन्स मागे घेता येत नाही. पेपर 'विथड्रॉ' केला तरी जुनी आवृत्ती तिथेच राहते. उत्साहात 'बीवाय' लावलं आणि पुढे एखाद्या जर्नलने सगळे हक्क त्यांच्या नावे करून मागितले, तर पंचाईत होते. म्हणून जिथे पाठवायचंय त्या जर्नलचे नियम आधी वाचा. आयट्रिपलई प्रीप्रिंट चालवून घेते, पण हक्क त्यांच्याकडे गेल्यावर त्यांची ठराविक कॉपीराइट सूचना टाकायला लावते.

काहींचा समज असतो की लायसन्स मोकळं असलं की कॉपीचा प्रश्न मिटला. नाही मिटत. कॉपीराइट वेगळा, वाङ्मयचौर्य वेगळं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत, आणि त्या मोजताना लायसन्स कोणतं होतं हे कोणी विचारत नाही.

आर्काइव्हवर प्रत्येक पेपरच्या पानावर, पीडीएफच्या दुव्याखाली लायसन्सचा दुवा असतो. उतरवतानाच तो उघडा आणि फाईलच्या नावात 'बीवाय' वगैरे लिहून ठेवा, सबमिशनच्या आदल्या रात्री शोधाशोध वाचते. परवानगी लागणार असेल तर लेखकाचा ईमेल बहुतेक वेळा पेपरमध्येच असतो. कोणती आकृती, कुठे वापरणार, बदल काय करणार, एवढं चार ओळींत लिहा आणि आलेलं उत्तर रिपोर्टच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.