एक दिवस हाताशी ठेव

काल तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना बघ. लेकाची पासिंग आउट परेड, तीही डेहराडूनला, लष्कराच्या आयएमएत! आणि तू आणि भाऊजी आठवडाभर एकाच गोष्टीवर हुज्जत घालताय, गाडीने जायचं की विमानाने. ते म्हणतात गाडी बरी, सामान हवं तेवढं नेता येतं. तू म्हणतेस विमान बरं, पण धुक्याचं काय? अगं, दोघांचंही खरं आहे, म्हणूनच तर गाडं अडलंय. जरा बस, चहा ठेव आणि ऐक.

एनडीएत तीन वर्षं लेक खडकवासल्याला होता, म्हणजे घराजवळच. आता पुण्याहून डेहराडून सोळाशे किलोमीटरच्या वर. हिवाळ्यातली परेड साधारणपणे डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी असते, तीही सकाळी. तेव्हा आधी तो शनिवार मनात धर आणि तिथून मागे मोजत ये.

माझ्या लेकाच्या वेळी मी काय केलं, सांगते. परेड शनिवारी म्हणून तिकिटं काढली शुक्रवारची. एक दिवस कशाला वाया घालवायचा, असा माझा हिशेब. सकाळचं विमान धुक्यामुळे चार तास लांबलं आणि दिल्लीला उतरेपर्यंत पुढचं निघूनही गेलं. तिकिटं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यामुळे पुढची सोय करायला कुणीच बांधील नव्हतं. शेवटी रात्री टॅक्सी केली. मेरठ मागे पडलं आणि धुकं असं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. उसाचे दिवस होते. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे असतात ना, तशा उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर, आणि मागे दिवा नाही. एकदा ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तेव्हा काचेपुढे उसाचे शेंडे लोंबत होते. मी सासूबाईंचा हात गच्च धरला होता. डेहराडूनच्या वेशीवर डाट कालीचं देऊळ लागतं, तिथे त्याने गाडी थांबवली. मी हात जोडले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

परेड मिळाली गं. पण लेकाच्या खांद्यावर तारे लावायची वेळ आली आणि गारठ्याने, जागरणाने माझी बोटं इतकी थरथरत होती की पिन बसेना. शेवटी त्यानेच माझा हात धरला आणि ती बसवली. चार वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो मी अर्धवट शुद्धीत घेतला. तुझं तसं व्हायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत, विमानाने जा, पण गुरुवारी पोच.

गाडीची बाजू लंगडी आहे असं नाही. तुझ्या सासूबाईंचे गुडघे, लाडवांचे डबे, आणि परतताना लेक आणि त्याची काळी ट्रंक बरोबर. मोह होतोच. पण त्यासाठी गाडी चालवणारी दोन पक्की माणसं हवीत, एकट्या भाऊजींवर सगळं टाकायचं नाही. राजस्थान मागे पडलं की अंधारात चालवायचं नाही, आणि सकाळी ऊन पडेपर्यंत हॉटेलातून हलायचं नाही. म्हणजे जायलाच चार दिवस गेले. सोमवारी निघण्याइतकी रजा आहे का? असेल तर खुशाल जा. नसेल तर तो विषय आजच बंद कर.

आता विमानाचं. थेट मिळालं तर उत्तमच. दिल्लीला बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घे, म्हणजे पहिलं लांबलं तरी पुढची सोय कंपनीवर येते. पहाटेचं स्वस्त विमान बघून भुलू नकोस, धुकं पहाटेच सगळ्यात दाट असतं. विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं एक मागून घे. धुक्याबद्दल भरपाई मात्र मिळत नाही, त्यासाठी काउंटरवर भांडत बसू नकोस. गुरुवारी दिल्लीत अडकलीस तर शुक्रवारी सकाळची शताब्दी आहे. तिची तिकिटं आधीच काढून ठेव, नको झाली तर रद्द कर. थोडे पैसे जातील, जाऊ देत. शुक्रवारी अडकलीस तर मात्र उरते रात्रीची गाडी नाहीतर रात्रीचा रस्ता, आणि धुक्यात दोन्हींचा भरवसा नाही.

खोलीचंही आजच बघ. विमानतळ जॉली ग्रँटला, गावाबाहेर पंचवीस-तीस किलोमीटर, आणि आयएमए पार दुसऱ्या टोकाला, चक्राता रोडवर. परेडच्या सकाळी तिकडची वाहतूक वळवतात. म्हणून प्रेमनगर किंवा बल्लूपूर चौकाच्या बाजूला खोली घे. शेकडो मुलांचे आईवडील त्याच दोन रात्रींसाठी खोल्या शोधत असतात, उशीर केलास तर मसुरीच्या रस्त्याला जावं लागेल.

आणि हो, कपडे. बसायचं उघड्यावर असतं आणि सकाळी सहा-सात अंशांची थंडी. पैठणीच नेस, पण आत थर्मल घाल, कुणाला दिसत नाही. पायात लोकरीचे मोजे, अंगावर जाड शाल. हातमोजे विसरू नकोस, तारे लावेपर्यंत बोटं ऊबदार राहायला हवीत. लाडू मोठ्या बॅगेत घाल. बहुतेक विमानांत माणशी पंधरा किलो नेता येतं, सगळ्यांचं मिळून भरपूर झालं. लेकाला मात्र यातलं काही विचारत बसू नकोस, शेवटच्या आठवड्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच्याकडून पाहुण्यांच्या पासांचं आणि ओळखपत्रांचं तेवढं आत्ताच विचारून घे.

सगळं एकदम अंगावर आल्यासारखं वाटतंय ना? पण खरं सांगू का, ज्या बाईने अठराव्या वर्षी लेकाला बॅग भरून दिली आणि डोळ्यांतलं पाणी मागच्या मागे परतवलं, तिला तिकिटं आणि खोली जड नाही. तो शेवटचं पाऊल टाकून चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढेल ना, त्या पावलाला ते ‘अंतिम पग’ म्हणतात, तेव्हा तू पोटभर झोपलेली आणि पूर्ण जागी असायला हवीस.

आज रात्री जेवणं झाली की भाऊजींना शेजारी बसव आणि गुरुवारची तिकिटं काढ. काढलीस की मला फोन कर. कितीही वाजले तरी चालेल, मी जागीच आहे.