तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं का?

प्रश्न : माझा नातू दोन वर्षांचा झाला. घरी आम्ही मराठी बोलतो, त्याला खेळवायला येणारी मुलगी बारेली बोलते आणि अंगणवाडीत सगळं हिंदी. तो ‘मम’ आणि ‘बा’ यापलीकडे जात नाही. शेजारीपाजारी म्हणतात, तीन भाषांनी पोर गोंधळलंय, एकच ठेवा. हे खरं का?
— एक आजी, धूलकोट (जि. बऱ्हाणपूर)

उत्तर : नाही, आजी. तसं असतं तर सातपुड्याच्या दोन्ही अंगांची निम्मी माणसं मुकीच राहिली असती. दोन-तीन भाषांत वाढणारं मूल त्यांची सरमिसळ करतं, पण त्यामुळे त्याचं बोलणं अडत नाही. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांचे एकत्र मोजायचे. ‘भाकर’ मराठीतली, ‘कुत्ता’ हिंदीतला, तरी शब्द दोन झाले. दोन वर्षांचं मूल साधारणपणे ‘आई ये’, ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडू लागतं. तुमचा नातू तिथवर आलेला नाही, म्हणून भाषांना दोष न देता त्याला दाखवून आणायला हवं. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हेही ऐकवलं जाईल. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, पण त्या भरवशावर वर्ष घालवू नये.

आधी कान. पाठीमागे थाळी वाजवली आणि पोर वळलं की घरचे निश्चिंत होतात. ही परीक्षा फसवी आहे. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘फ’ असे बारीक आवाज निसटू शकतात. वारंवार कान वाहत असेल तर शंका अधिक. नीट ऐकू येतं का हे पाहणाऱ्या ‘बेरा’ तपासणीत झोपलेल्या मुलाच्या कपाळाला आणि कानामागे बारीक तारा चिकटवतात. कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोहोचतं ते यंत्र टिपतं. मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, फक्त झोपावं लागतं. म्हणून त्या दिवशी त्याला आधी झोपू देऊ नका.

कानांबरोबर आणखी काही पाहा. हाक मारली की वळतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? तुमच्याकडे पाहून हसतो का? यातलं काही होत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर एक दिवसही थांबू नका.

आता कुठे जायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची असतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी ते पाहतात, वयाच्या 18 वर्षांपर्यंत. शंका आली की मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. डॉक्टर, कान आणि वाणीचे तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट एकाच जागी मिळावेत, अशी त्या केंद्राची कल्पना आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग मुलांबाबतची कार्यपद्धतीही आणली. अशी मुलं लवकर ओळखणं आणि त्यांना बाकीच्यांत सामावून घेणं हे आता सेविकेचंच काम आहे. पण पथकाची वाट पाहत बसायचं कारण नाही, आशाताईंना सांगून स्वतः जाता येतं.

एक मात्र माझं ठाम मत आहे. या सेवेचं खरं काम केंद्रात होत नाही. तज्ज्ञ फार तर आठवड्यातून एखादा तास देणार, बाकीचा वेळ मूल तुमच्या ओसरीवर. म्हणून चांगला तज्ज्ञ मुलापेक्षा घरच्यांना अधिक शिकवतो. नातवाला ‘पाणी म्हण, मग देते’ असं छळू नका. तांब्या दाखवा, ‘पाणी हवं?’ म्हणा आणि थोडं थांबा. त्याने बोट केलं, आवाज काढला, तरी ते बोलणंच समजा आणि पाणी द्या. मोबाईल हातात देऊन त्याला गप्प बसवणं मात्र बंद.

याच आठवड्यात लसीकरणाचं कार्ड घेऊन आशाताईंना भेटा. कुणी, अगदी डॉक्टरांनीही, ‘घरात हिंदीच बोला’ म्हटलं तरी तुमची मराठी सोडू नका.