संध्याकाळची लोकल सांभाळ

बाळा, राखेच्या बुधवारी उपासकाळ सुरू होऊन कपाळाला राख लागली की उत्साहात दहा गोष्टी सोडायच्या ठरवू नकोस. मटण बंद, चहा बंद, सिनेमा बंद असं सगळं एकदम धरलं की होळीपर्यंत हातात काहीच उरत नाही. एकच खोड निवड, आणि ती तुला खरंच छळणारी असू दे. तुझी मला ठाऊक आहे: राग. मासळी सोडणं तुला त्यापेक्षा सोपं जाईल, म्हणूनच रागाला हात घाल.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय सावकाश वाच. सैतान पहिल्या दिवशी आला नाही. चाळीस दिवस, चाळीस रात्री उपास झाला, येशूला भूक लागली, तेव्हा आला. आणि आधी भाकरीचंच बोलला. म्हणून स्वतःला तपासताना ‘माझं काय चुकलं’ इतकंच विचारू नकोस, ‘किती वाजता चुकलं’ तेही विचार. तुझी वेळ संध्याकाळची. कामावरून शिणलेला, पोटात काही नाही, टिटवाळा लोकल सोडून आसनगाव किंवा कसाऱ्याची वाट बघत ठाण्याच्या फलाटावर उभा. तेव्हाच तू फोन काढतोस आणि कुणाला तरी नको ते लिहून पाठवतोस. पिशवीत चणे-गूळ ठेव, गाडीत बसण्याआधी खा. खडवलीला उतरेपर्यंत रागाचा एकही निरोप पाठवायचा नाही. घरी जेवल्यावर पाठवावासा वाटला तर बघू.

संत इग्नेशियस लोयोलाने याची साधी रीत सांगून ठेवली आहे. त्याचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक 1548 साली छापलं गेलं, पण रीत आजही चालते. सकाळी उठताच त्या एका खोडीची आठवण करायची. दुपारी आणि रात्री जेवणानंतर तपासायचं, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके वहीतल्या त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे. कालची रेघ आजच्या शेजारी, हा आठवडा गेल्या आठवड्याशेजारी ठेवून बघायचा. आणि घसरल्या क्षणी छातीवर हात ठेवायचा. भरल्या डब्यातही कुणाला कळत नाही, पण तुला कळतं. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण ती रडत बसू देत नाही, मोजायला लावते.

दुसऱ्या मोहाच्या वेळी सैतानाने शास्त्रवचनच पुढे केलं होतं, हेही ध्यानात ठेव. उपासकाळाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, हे खरं. 2026 साली 18 फेब्रुवारी ते 4 एप्रिल मोज, रविवार वगळून बरोबर चाळीस भरतात. पण रविवारी भातसा नदीच्या काठी मित्र ग्लास पुढे करतील तेव्हा हाच नियम तुला आठवेल. मित्रांबरोबर जा, पोहून ये. मात्र काय उत्तर द्यायचं ते घरातून निघण्याआधी ठरव. तिथे जाऊन ठरवायला बसलास तर ते तुझ्या वतीने ठरवतील.

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, दोन्ही दिवशी एकच पूर्ण जेवण. माझी साठी उलटली, मला हा नियम सुटला, तुला आहे. जेवणाचे वाचलेले पैसे त्याच दिवशी दानासाठी वेगळे काढ, महिनाअखेरीला नको.

कुमसारासाठी, म्हणजे पापकबुलीसाठी, पवित्र आठवड्याची वाट पाहू नकोस, तेव्हा रांग लांब असते आणि घाई होते. उपासकाळाच्या चौथ्या आठवड्यात कल्याणला जाऊन ये. वही आदल्या रात्री वाच. फादरांना तुझी पापं सांग, तुझ्या साहेबांची नको.