ऑटोमॅटिक गिअरची मासळीची गाडी : बॉक्स उतरवण्याआधी काय बघायचं



मागच्या हंगामात आपली मासळीची गाडी इंदूरला विजय नगरजवळ अडकली. कसारा घाट चढली, बिजासन चढली, काही त्रास नाही. पहाटे चहाला थांबून इंजिन बंद केलं आणि परत चालू केलं तर गिअरच पडेना. डिस्प्लेवर नुसता 'एन'. जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न जाताच सांगितलं, "गिअरबॉक्स उतारना पडेगा, चार दिन लगेंगे." आत बांगडा आणि सुरमई, बर्फ वितळतोय. ड्रायव्हर फोनवर रडायचाच बाकी होता.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बॅटरीची अर्थिंगची वायर चेसिसला जिथे बोल्टने बसते, तिथे गंजाचा थर होता. घासून, आवळून दिलं. अर्ध्या तासात गिअर पडला. माल वाचला, पण उशिरामुळे भाव पडला तो पडलाच. तेव्हापासून आम्ही जे शिकलो ते आज लिहितोय. आपल्यातले बरेच जण आता ऑटोमॅटिक गाडी घेतायत, म्हणून.

*आधी ओळखा, आपली गाडी कुठली*

ट्रकमध्ये 'ऑटोमॅटिक' दोन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार एएमटी. आत नेहमीचाच दातांचा गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरच्या ऐवजी कॉम्प्युटर करतो, हवेच्या किंवा विजेच्या जोरावर. व्होल्वोची आय-शिफ्ट याच जातीची. मालाच्या ट्रकमध्ये आपल्याकडे जास्त करून हाच दिसतो.

दुसरा प्रकार खरा ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाला. यात इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे जाते आणि आतले क्लच ऑइलच्या प्रेशरने धरतात. आपल्या ट्रॉलरचा हायड्रॉलिक गिअरबॉक्स आठवा. त्याचे क्लचही ऑइलच्या प्रेशरवरच धरतात.

दोघांचं ऑइल वेगळं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाकायचं. 'सगळं सारखंच असतं' म्हणणाऱ्याकडून ऑइल घेऊ नका.

*गिअर पडत नाही, तर या क्रमाने बघा*

१. बॅटरी. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना साधारण २५ व्होल्ट दिसायला हवेत. २४ च्या खाली असेल तर कॉम्प्युटर गोंधळतो.

२. बॅटरीची टोकं, अर्थिंगचा बोल्ट, फ्यूज. घासा, आवळा.

३. हवा. हवेवर चालणाऱ्या एएमटीत प्रेशर पूर्ण भरल्याशिवाय गिअर पडत नाही. हवा गळतेय का ऐका. टाकीतलं पाणी रोज सोडा आणि एअर ड्रायरचा फिल्टर वेळेवर बदला. हवेतलं पाणी गिअर टाकणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये गेलं की खर्च मोठा.

४. गिअरबॉक्सवरचे वायरचे प्लग. हिरवा-पांढरा थर दिसला तर तिथेच दुखणं आहे.

५. मग स्कॅनर लावून फॉल्ट कोड. कोड लिहून घ्या, फोटो काढा. आधी पुसू देऊ नका.

एवढं झाल्याशिवाय बॉक्स उतरवायला हो म्हणू नका. एएमटीची क्लच प्लेट बदलली तर कॉम्प्युटरला नवीन प्लेट शिकवावी लागते. ते केलं का, हे बिल देण्याआधी विचारा.

*ऑइल काय सांगतं*

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ऑइल गरम असताना, सपाट जागेवर, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून मोजतात. नवीन ऑइल बहुतेक लालसर असतं. काळपट आणि जळका वास आला तर आतले क्लच जळतायत. दुधाळ झालं तर कूलर फुटून पाणी शिरलंय. बोटीत दुधाळ ऑइल दिसलं की तुम्ही इंजिन बंद करता ना? इथेही गाडी पुढे न्यायची नाही.

*आपला खास शत्रू : खारं पाणी*

सिमेंटच्या गाडीला जे होत नाही ते आपल्या गाडीला होतं. बर्फाचं पाणी मासळीतून खारट होऊन खाली गळतं, थेट वायरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या प्लगवर. म्हणून ड्रेनचा पाइप चेसिसच्या बाहेर काढा. प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा प्लगवर आणि कॉम्प्युटरवर मारू नका.

*घाटात*

चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी अॅक्सिलेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. एएमटीची क्लच प्लेट अशीच जळते. पुढची गाडी सरकली की लगेच सरकायची घाई नको. जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या.

उतारावर मॅन्युअल मोडला घेऊन लहान गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक. इंदूरहून परत येताना बिजासनचा उतार आहे. बिजासनच्या पायथ्याला पळासनेरला जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झालेला ट्रक हॉटेलात घुसला, अनेक माणसं गेली. गाडी रिकामी असली तरी डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला स्पष्ट सांगा, आम्हाला तुमचा जीव हवाय, ते दोन लिटर नकोत.

*आणखी दोन गोष्टी*

बंद गाडी ओढून न्यायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना बॉक्सच्या आत ऑइल फिरत नाही आणि चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरून जातात.

बॉडीला किंवा कंटेनरला वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि कॉम्प्युटरचे प्लग काढा.

पावसाळी बंदीत बोटी वर ओढल्या की आपण इंजिनं खोलतोच. त्याच दिवसांत गाडीही एकदा खालून बघून घ्या. वरची यादी छापून केबिनमध्ये लावा, ड्रायव्हरला वाचून दाखवा. कोणाला अडचण आली तर सोसायटीच्या ऑफिसात या, आपण मिळून बघू.

— सेक्रेटरी, सोसायटीतर्फे