वॉर्डातली खिडकी, थिएटरचं दार

अगं, शिळफाट्याजवळच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागलीस, आईने गल्लीभर पेढे वाटले. आता जरा माझ्याजवळ बस. सलाईन, ड्रेसिंग तुला कुणी शिकवायला नको. हवेचं मात्र कॉलेजात दोन ओळींत उरकतात, म्हणून बोलते.

वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर यांचा हिशेब उलटा असतो. वॉर्डातली हवा बाहेर जायला हवी, थिएटरमध्ये बाहेरची आत शिरायला नको.

तुमच्याकडे हायवेचे ट्रक, हॉर्न, धूळ, आणि पावसाळ्यात घाटाखालची ती झड. त्यामुळे खिडक्या लावून एसी सुरू करायची सगळ्यांना घाई. पण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. टीबीचा पेशंट खोकला की बारीक थेंब सुकून इतके हलके होतात की तासन्‌तास तरंगत राहतात. तीच हवा शेजारच्या खाटेवरचे मधुमेहाचे आजोबा घेतात, आणि तूही. पेरूमध्ये लिमा शहरातल्या हॉस्पिटलांत हे मोजलं होतं, २००७ साली छापून आलं. खिडक्या-दारं उघडी ठेवली तर खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. आयसोलेशनच्या खोलीत ती किमान १२ वेळा बदलायला हवी, यावरून बघ. जुन्या, उंच छताच्या इमारती तर त्याहून सरस निघाल्या.

झड आली तर वाऱ्याकडची खिडकी लाव, समोरची उघडी ठेव, एक्झॉस्ट चालू ठेव. धूळ येते ती ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. कोरडा झाडू वॉर्डात नको, चादरी झटकायच्या नाहीत. फक्त शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंदच, त्या धुळीतून बुरशी येते.

वारा कुठून कुठे जातो ते बघायचं असेल तर उदबत्ती लाव (ऑक्सिजन सुरू असेल तिथे अजिबात नाही हं!). खिडकीपाशी, दारापाशी धर आणि धूर बघ. धूर तुझ्या टेबलाकडून खोकणाऱ्याच्या खाटेवरून बाहेर जायला हवा. उलटा येत असेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगून टेबल हलव. ओपीडीतही खोकणाऱ्याला रांगेत ताटकळत ठेवू नकोस, मास्क देऊन आधी आत घे. वाडीवरून पायपीट करून आलेला असतो बिचारा, हिडीसफिडीस होता कामा नये.

थिएटरमध्ये मात्र दार बंद म्हणजे बंद. तिथे गाळलेली हवा तासाला किमान २० वेळा बदलते आणि आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात. कुणी सुई विसरलं, कुणी डोकावलं, की दार उघडतं आणि दाब पडतो. माणसाच्या कातडीचे सूक्ष्म पापुद्रे जंतू घेऊन सतत झडत असतात, म्हणून माणसंही मोजकीच. फॉर्मॅलिनची धुरी दिली की झालं, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. मळलेलं टेबल धुरीने साफ होत नाही, आणि त्या वाफेने कॅन्सर होतो हे जागतिक तज्ज्ञांनी २००४ मध्येच सांगितलंय. छताला पावसाची ओल दिसली तर त्याच दिवशी रजिस्टरला नोंद कर.

आणि तुझं स्वतःचं. साधा सर्जिकल मास्क खोकणाऱ्यासाठी, तुला एन-९५. नाकावरची पट्टी दाबून बसव, दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोड. कडेने हवा लागली तर पुन्हा बसव. पहिल्या रात्रपाळीआधी घरी ये, मी बसवून दाखवते.