अनुदान, अटी आणि हिशेब

दिल्लीचा पैसा गावात खर्च व्हायचा असेल, तर तो कशावर खर्च करावयाचा हे कोणी ठरवायचे? संघराज्याची खरी परीक्षा या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

घटनेच्या २८२ व्या कलमानुसार केंद्राला कोणत्याही सार्वजनिक हेतूसाठी अनुदान देता येते, मग तो विषय केंद्राच्या अखत्यारीतला नसला तरी. पहिल्या तीन योजनांच्या काळात ही मदत बहुतांशी योजनावार मिळे. साहजिकच ज्या कामाला दिल्लीचा पैसा अधिक, तेच काम राज्ये हाती घेत. डॉ. धनंजयराव गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना हे बदलले. १९६९ साली सुरू झालेल्या चौथ्या योजनेपासून सर्वसाधारण राज्यांच्या मदतीपैकी ६० टक्के वाटणी लोकसंख्येवर होऊ लागली. उरलेल्यात दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. यात ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज असे. पैसा एकगठ्ठा मिळू लागला, पण केंद्रीय खात्यांनी आपल्या स्वतंत्र योजना वाढवीत नेल्या आणि अटी मागील दाराने परत आल्या!

तोच झगडा पुढे ग्रामपंचायतीपर्यंत उतरला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानाचे ६० टक्के 'बंधित' ठेवले, निम्मे पाण्यासाठी व निम्मे स्वच्छतेसाठी. ४० टक्के 'अबंधित' होते. मात्र त्यातून पगार व आस्थापना खर्च करावयाचा नव्हता. एका बाबीची गरज पुरी झाली असल्यास तिचा पैसा दुसऱ्या बाबीकडे वळविण्याची मुभा होती. शिवाय लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे ठेवण्याची अट होती.

मला ही शेवटची अट सर्वांत मोलाची वाटते. उपयोगिता प्रमाणपत्र पैसा मंजूर कामावर खर्च झाला एवढे सांगते, नळाला पाणी आले की नाही ते सांगत नाही. शिवाय ते वर जाते, गावाला दिसत नाही.

तरीही सगळा पैसा मोकळा सोडावा असे मी म्हणणार नाही. अबंधित पैसा वजनदार माणसाच्या दारापुढील रस्त्यात जिरतो, हा आक्षेप खोटा नाही. ज्या वस्तीचा ग्रामसभेत आवाज नाही, तिच्या गटाराला बंधित निधीचाच आधार असतो. म्हणून बंधन असावे ते बाबीचे. गटार उघडे की झाकलेले, पाइप कोणत्या मापाचा, हे गावाने ठरवावे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.